शुक्रवारचा अल्बम, गुरुवारचं मत

मागच्या महिन्यात चिंचणीच्या समुद्रावर, भेळेच्या गाडीपाशी, दोन कॉलेजातल्या मुलांनी मला अडवलं. "काका, तुम्ही मेटलमधले जाणकार कसे झालात?" उत्तर द्यायला लागलो, तर भेळ संपली, मुलंही पांगली. म्हणून सगळं लिहूनच देतो आहे.

खालच्या पायऱ्या नीट पाळल्यात, तर साठी-सत्तरी उलटलेल्या कुठल्याही हेवी मेटल किंवा थ्रॅश बँडचा नवा अल्बम तुम्हाला न ऐकता मोडीत काढता येईल. त्यासाठी गिटार यावी लागत नाही. गाण्याचे शब्द कळायची तर मुळीच गरज नाही. मान तेवढी शाबूत हवी. गाण्यावर डोलावण्यासाठी आणि नंतर नकारार्थी हलवण्यासाठी.

१. आधी साल ठरवा.

प्रत्येक जाणकाराचं एक साल असतं. संगीत तिथे संपलं, असं त्याचं मत असतं. नवशिक्यांनी १९८६ घ्यावं. त्या एका वर्षात मेटालिकाचा 'मास्टर ऑफ पपेट्स', स्लेयरचा 'रेन इन ब्लड' आणि मेगाडेथचा 'पीस सेल्स' आला, त्यामुळे वाद घालणारा गप्प बसतो. तुमचा जन्म १९९९ चा असला तरी बिघडत नाही. पानिपतात काय चुकलं हे आपण रोज सांगतो, तिथे तरी आपण कुठे होतो? थोडे मुरल्यावर १९८३ पर्यंत मागे जा. मेटालिकाच्या १९९१ च्या काळ्या मुखपृष्ठाच्या अल्बमवर प्रेम असेल, तर ते मनात ठेवा. तो लोकांना आवडतो, आणि लोकांना आवडणं हा या धंद्यात कलंक आहे.

आता गुपित सांगतो. साल शोधण्याचं एक सूत्र आहे : तुम्हाला पहिली नोकरी लागली त्यानंतर आलेला प्रत्येक अल्बम वाईट. मी तारापूर एमआयडीसीत १९९७ साली लागलो. तेव्हापासून एकही चांगला निघालेला नाही. पगारवाढीच्या वर्षांतसुद्धा नाही.

२. पोशाख.

काळा टी-शर्ट, छातीवर कवटी. मे महिन्यात चिंचणीच्या दमट हवेत तो घालून बाजारात फिरलात की पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे उमटतात. ते धुऊ नका, त्याने टी-शर्ट जुना दिसतो. आई म्हणेल, "अरे, संक्रांत झाली ना?" आईला उलट उत्तर देऊ नका. मेटल असलं तरी घर आहे.

३. तुम्ही तिथे होतात.

कुठे, ते महत्त्वाचं. धोबीतलावच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' व्हायचा, तिथे होतात म्हणा. ते उघड्यावरचं नाट्यगृह शांतता क्षेत्रात आलं आणि तिथला गोंगाट कायमचा थांबला, तेव्हा तपासायला कुणी जाऊ शकत नाही. कॅसेट काळा घोड्याच्या 'ऱ्हिदम हाउस'मधून घेतलीत म्हणा. तेही २०१६ साली बंद झालं. बंद पडलेल्या जागांइतके भरवशाचे साक्षीदार दुसरे नाहीत.

१ फेब्रुवारी २००८ या तारखेपाशी मात्र सावध राहा. त्या दिवशी आयर्न मेडनने आपला जागतिक दौरा मुंबईत, बीकेसीत सुरू केला. बँडसाठी भाड्याने घेतलेलं बोइंग ७५७, आणि ते चालवायला गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः. इथे पालघरकडचा श्रोता एकच प्रश्न विचारतो : "रात्री परत कसा आलास?" डहाणूपर्यंत लोकल २०१३ साली आली, त्याआधी विरारपलीकडे शटल आणि मेल-एक्स्प्रेसचाच आधार. डिकिन्सन लंडनहून विमान घेऊन वेळेवर पोचला. बोईसरकराला बीकेसीतून घरी पोचायला सकाळ उजाडायची. "कार्यक्रम संपायच्या आत निघालो" असं चुकूनही म्हणू नका, जरी खरं तेच असलं तरी.

४. शब्द.

चार शब्द पुरतात : मिक्स, स्नेअर, रॉ आणि "पूर्वीचं राहिलं नाही". पहिले तीन कुठल्याही क्रमाने वापरा, चौथा शेवटी. उदाहरणं पाठ करून ठेवा. मेटालिकाच्या १९८८ च्या अल्बममध्ये बास ऐकू येत नाही. २००३ च्या 'सेंट अँगर'मध्ये ड्रमरने स्नेअरच्या तळाच्या तारा सोडून दिल्या, त्यामुळे पाऊण तासावर अर्धा तास कुणीतरी रिकामा डबा बडवतंय असं वाटतं. वर गिटारचं एकही सोलो नाही. आमच्याकडे पहिल्या पाळीला पत्रे उतरवताना असाच आवाज येतो, पण त्याचे आम्ही पैसे घेतो.

मेटालिकाचाच २००८ चा 'डेथ मॅग्नेटिक' इतका चढ्या आवाजात मुद्रित झाला की चाहत्यांनी सह्यांची मोहीम काढली. मेटल फार मोठ्याने वाजतंय, ही तक्रार मेटलवाल्यांनी लेखी नोंदवली. आपल्या आईवडिलांना पंचवीस वर्षांनी न्याय मिळाला तो असा.

५. लांबी मोजा.

'रेन इन ब्लड' एकोणतीस मिनिटांचा आहे. बोईसर स्टेशनबाहेर शेअर रिक्षात बसताना लावा; चौथा प्रवासी लवकर मिळाला, तर चिंचणी नाक्यावर उतरताना संपतो. रिक्षाच्या हादऱ्यांनी त्यात भरच पडते. तरुणपणी माणूस इतकं कमी बोलतो.

आता आयर्न मेडनचा २०२१ चा 'सेन्जुत्सु' घ्या : ब्याऐंशी मिनिटं. विरारला गाडी सुटताना लावलात तर बोईसर मागे पडतं, डहाणू रोड येतं, आणि बँड अजून मुद्द्यावर येतोच आहे. मेटालिकाचा २०२३ चा '७२ सीझन्स' सत्त्याहत्तर मिनिटांचा, त्यात शेवटचं गाणं एकटं अकरा मिनिटांचं. सत्कार समारंभात ज्येष्ठांच्या हातात माईक गेला की काय होतं, हे तुम्ही पाहिलेलं आहे. संयोजकाने मागून चिठ्ठी द्यायची असते. या बँडांना चिठ्ठी देणारा कुणी उरलेला नाही.

६. 'शेवटचे काही प्रयोग'.

नाटकाच्या जाहिरातीत ही ओळ वाचून आपण घाईने तिकिटं काढतो आणि पुढची सहा वर्षं तीच ओळ वाचतो. जुदास प्रीस्टने २०११ साली निरोपाचा दौरा काढला, त्यानंतर तीन अल्बम केले. स्कॉर्पियन्सनी २०१० साली निरोप घेतला, २०२२ साली नवा अल्बम आणला. स्लेयर नोव्हेंबर २०१९ मध्ये कायमचा थांबला, तो सप्टेंबर २०२४ पर्यंत. अशा वेळी जाणकाराने दोन्ही बाजूंनी रागवायचं : थांबले तेव्हा "हरले", परत आले तेव्हा "पैशासाठी आले".

मूळ संचातले किती उरले तेही मोजायला विसरू नका. एकटा उरला असेल तर "हा बँडच नव्हे" म्हणा. सगळे असतील तर "थकलेत" म्हणा.

मेगाडेथचं प्रकरण आपल्या लोकांना सहज कळतं. डेव्ह मुस्टेनला मेटालिकाने १९८३ साली काढून टाकलं. त्याने स्वतःचा बँड उभा केला आणि जानेवारी २०२६ मध्ये शेवटचा म्हणून जो अल्बम आणला, त्यात मेटालिकाचंच 'राइड द लाइटनिंग' वाजवलं, कारण त्या गाण्याच्या सातबाऱ्यावर त्याचंही नाव आहे. बेचाळीस-त्रेचाळीस वर्षं! आमच्या वाडीत बांधाचे दावे याहून लवकर मिटतात असं मी म्हणणार नाही.

एका निरोपावर मात्र टोमणा मारू नका. ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर ब्लॅक सॅबथचे मूळ चौघे एकत्र आले. ऑझी ऑसबर्न सिंहासनावर बसून गायला, कारण त्याला उभं राहता येत नव्हतं. सतराव्या दिवशी तो गेला. ती जाहिरात खरी निघाली.

७. गावाचा हक्क सांगा.

ही पायरी मी स्वतः शोधली आहे, दुसऱ्या कुठे मिळणार नाही. ब्लॅक सॅबथने पहिला अल्बम १६ ऑक्टोबर १९६९ रोजी एका दिवसात मुद्रित केला. त्याच महिन्याच्या २८ तारखेला इथे, आपल्या शेजारी, तारापूरच्या अणुभट्ट्यांनी व्यावसायिक वीज द्यायला सुरुवात केली. इंदिरा गांधींनी केंद्र देशाला अर्पण केलं १९ जानेवारी १९७० ला, अल्बम बाजारात आला १३ फेब्रुवारीला. दोघं एका वयाचे. दोघांच्याही निवृत्तीची चर्चा आपण लहानपणापासून ऐकत आलो, आणि दोघांचीही दुरुस्ती करून त्यांना पुन्हा सुरू करत आले.

पुढे ऐका. सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वय सतरा, नोकरीचा शेवटचा दिवस, आणि मशीनने उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं नेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं लावलं, हलक्या तारा चढवल्या आणि पुढे त्या सैल करून वाजवल्या. तारा सैल, आवाज जड. सगळं हेवी मेटल त्या टोपणांतून आलं आहे.

ही गोष्ट एमआयडीसीत सांगायला लागत नाही. चहाच्या टपरीवर ग्लास धरणाऱ्या हातांची बोटं मोजली तरी पुरे. चिंचणी-वरोरकडे घरोघरी पोलादावर बारीक नक्षी कोरून दागिन्यांच्या डाय बनवणारे कारागीर आहेत. आयोमीने टोपणं कशी बसवली असतील हे त्यांना विचारा, आवडता अल्बम कोणता ते विचारू नका.

आणि वाद फारच वाढला तर ताम्रपट काढा. चिंचणीत सापडलेला, राष्ट्रकूट राजा इंद्र तिसरा याच्या काळचा, शके ८४८, म्हणजे इ.स. ९२६. संजानचा कारभार पाहणाऱ्या ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याचं नाव त्यात आहे. धातूवर कोरलेलं, हजार वर्षं टिकलेलं, मिक्सबद्दल एकही तक्रार नाही.

८. नव्या बँडांची नावं घेतली जातील.

मुंबईचे भयानक मौत, डेमॉनिक रिझरेक्शन, झिग्नेमा. "हो, ऐकायचंय" म्हणा आणि १९८६ कडे परत या. मी पंधरा वर्षं हेच उत्तर देतो आहे. विरारच्या गाडीने जाऊन ऐकता आले असते असे बँड आपण ऐकले नाहीत आणि कॅलिफोर्नियातले म्हातारे कसे बिघडले ते तपशिलाने सांगतो, हे कुणाच्या लक्षात आलं तर विषय बदला. मान्सून उत्तम.

९. अपघात झाल्यास.

कधीकधी नवा अल्बम चुकून ऐकला जातो. माझ्या बाबतीत घडलं आहे. '७२ सीझन्स'ला नावं ठेवून झाली होती, मग एका संध्याकाळी बोईसरहून येताना रिक्षात मोबाईलने आपण होऊन त्यातलं शेवटचं गाणं लावलं. ते चालू होतं तेव्हा नाका आला. मी उतरलो नाही. रिक्षावाल्याला म्हटलं, "भाऊ, समुद्रापर्यंत ने." अकरा मिनिटं पूर्ण झाली तेव्हा ओहोटी होती आणि वाळूवर कुणी नव्हतं. साठीला टेकलेली चार माणसं तिथे कुठलीही घाई न करता वाजवत होती, आणि मला ते आवडलं.

अशा वेळी घाबरू नका. घरी जा, पाय धुवा, 'मास्टर ऑफ पपेट्स' लावा. दोन दिवसांत उतार पडतो. मला तीन वर्षं झाली, अजून पडलेला नाही, पण माझी प्रकृतीच नाजूक.

१०. ऐकणे (ऐच्छिक).

वर सांगितलंच.

शेवटी वेळापत्रक. जुलै २०१५ पासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी येतात. आपला गट गुरुवारी संध्याकाळी समुद्रावर, भेळेच्या गाडीपाशी जमतो. येताना मत घेऊन या. भेळेचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे.