व्हिंटेजमावशी

व्हिंटेजमावशींना किती वाजले हे विचारू नये. विचारलंच, तर १९८७ सालापासून ऐकायची तयारी ठेवावी. त्या साली पॅरिसच्या शनेल ह्या फॅशनघराण्यानं आपलं पहिलं घड्याळ काढलं, 'प्रीमिएर'. ते मावशींच्या मनगटावर असतं. हात वर केला की कोपराशी जातं, कारण त्याला पट्टा नाही, चामड्याची फीत ओवलेली साखळी आहे. शनेलच्या पर्सला असते तशीच. ही साखळी मापानुसार घ्यावी लागते आणि मावशींनी ती घेतली ऑनलाइन लिलावात. पहिली मालकीण चांगली भरभक्कम असावी.

डायल काळी कुळकुळीत. आकडे नाहीत, सेकंदकाटा नाही. त्यामुळे मावशींकडे कायम 'पावणेपाच-पाच' वाजलेले असतात. गाडी पकडायची असली की त्या गुपचूप मोबाइल बघतात. पण तो अष्टकोन बघा! पॅरिसच्या प्लास व्हांदोम चौकाचा आकार, आणि शनेलच्याच नंबर फाइव्ह अत्तराच्या बाटलीच्या बुचाचाही. कल्पना शनेलच्या जाक एल्यू यांची. मावशी 'एल्यू' इतक्या जिव्हाळ्यानं म्हणतात, की नव्या माणसाला ते त्यांच्या माहेरचे वाटावेत. कोको शनेल १९७१ सालीच गेल्या, त्यांना हे घड्याळ बघायला मिळालं नाही, हे सांगताना तर मावशींना सुतक लागतं.

सेल संपला की हे वैभव दादरच्या फुटपाथवरच्या घड्याळजीसमोर येतं. तो डोळ्याला भिंग लावतो, झाकण उघडतो आणि म्हणतो, "साधं क्वार्ट्झ आहे, ताई." मग शेजारची चावीची एचएमटी उचलून, "मशीन म्हणाल तर हे!" मावशी त्याला क्षमा करतात. माझ्या मते माणूस चुकत नाही. पण मशीन बघून शनेल घेतं कोण?

खरी कसोटी लग्नात. पैठणीवर प्रीमिएर घालून मावशी उगाचच पदर सावरत राहतात. शेवटी वरमाय विचारते, "छान आहे हो. एक ग्रॅममध्ये घेतलंत?"

इथे मावशींची पंचाईत होते. वर नुसता सोन्याचा मुलामा, हे खरंच आहे. आणि खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नाही.

"मुलामाच, पण वीस मायक्रॉनचा," त्या म्हणतात.

"अगंबाई! मग काळं नाही ना पडत?"

परवाच्या पंगतीत मात्र समोरची कॉलेजातली पोरगी एकदम ओरडली, "मावशी! शनेल?" मावशी मोहरल्या. इतक्या वर्षांनी कुणीतरी जाणकार भेटलं. त्यांनी हात पुढे केला, एल्यूंपासून सुरुवात करायला घसा साफ केला.

"फर्स्ट कॉपी ना? कसली मस्त केलीय! मला पण दुकानाचा पत्ता द्या ना."

मावशी मठ्ठा न घेताच उठल्या.