रेसरभाऊ

पाटसच्या टोलनाक्यावर दुचाकीला पैसे पडत नाहीत. त्यामुळे कडेच्या लेनमधून दिवसभर जी पोरं सुसाट जातात, त्यांतला प्रत्येक जण स्वतःला रेसर समजतो. स्पर्धेचा परवाना असलेला रेसर मात्र गावात एकच. तो त्याच लेनमधून तिशीच्या वेगाने, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळून, इंडिकेटर देत जातो. मागून हॉर्न वाजतात आणि कुणीतरी ओरडतं, "ओ रेसरभाऊ, सरका की जरा!"

या सगळ्याचं मूळ त्याच्या मामाकडे. मामा शिरूर तालुक्यातला गाडामालक. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली बैलगाडा शर्यती बंद केल्या, तेव्हा लोकांनी बैल विकले. मामाने ते नुसते खाऊ घालून सांभाळले. डिसेंबर 2021 मध्ये परवानगी मिळाली आणि पुढे एका यात्रेत मामाचा गाडा असा पळाला की बक्षिसात मोटारसायकल आली. मामाला ती चालवता येईना, म्हणून भाच्याला मिळाली. म्हणजे घरात मोटारसायकल आणली ती बैलांनी, आणि नातेवाईक हे त्याला विसरू देत नाहीत.

मग सप्टेंबर 2023 मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपीची शर्यत झाली. भारतातली पहिलीच. हा गेला, मार्को बेझेकीला जिंकताना लांबून पाहिलं, आणि परत आला तो गुडघा बाहेर काढूनच. चौफुल्याच्या वळणावर तो गुडघा टेकवायचा प्रयत्न करू लागला. चौफुल्याला माणसं एरवी वळतात ती संगीतबारीसाठी. गुडघा घासायला वळणारा हा पहिलाच. सरावाला रोटी घाट होता. तुकोबांचा पालखीरथ या घाटात चढवायला जादा बैलजोड्या जुंपाव्या लागतात. हा तिथे तिसऱ्या गिअरमध्ये चढायचा आणि वर पोचल्यावर मोबाइलमध्ये वेळ बघायचा. पुढे वैद्यकीय दाखला आला, परवाना आला. बैलांची गाडी विकून, वर उसाच्या बिलातले पैसे घालून, जुनी दोनशे सीसी घेतली. वडील म्हणाले, "बिल माझं, आन् हौस तुझी." ही त्यांची एकमेव प्रतिक्रिया, पण ती ते रोज देतात.

आणि मग मद्रासचा तो शनिवार-रविवार.

ट्रॅक चेन्नईच्या अलीकडे, इरुंगट्टुकोट्टईला. 1990 पासूनचा, 3.717 किलोमीटर लांबीचा, बारा वळणांचा. गाडी गेली कांद्याच्या पिकअपमधून. सोबत गावातला मिस्त्री, दोन पाने-पेट्या आणि आईने दिलेला चिवडा. हजाराच्या वर किलोमीटर कातडी सूट कांद्याशेजारी राहिला होता. शुक्रवारी तपासणीच्या रांगेत पुढची माणसं अंतर ठेवून उभी राहिली, तेव्हा त्याला वाटलं, दबदबा आहे.

तपासनीस गाडीखाली वाकला आणि तसाच राहिला. ऑइलचा नट शर्यतीत सुटून ट्रॅकवर तेल सांडलं तर मागचे सगळे घसरतात, म्हणून तो तारेने जखडावा लागतो. मिस्त्रीने जखडला होता, पण सेंट्रिंगच्या तारेने. "साहेब, या तारेवर आमच्या सोसायटीचा स्लॅब उभाय," मिस्त्री मराठीत म्हणाला. साहेबाने तमिळमध्ये काहीतरी म्हटलं. शेवटी शेजारच्या टीमने बारीक स्टीलची तार दिली आणि ती पिळायची कशी तेही दाखवलं. रेसिंगमधली माणसं ट्रॅकवर एकमेकांना इंचाची जागा देत नाहीत, पण पिटमध्ये पाना, तार, पेट्रोल मागाल ते देतात. ही रीत मला शर्यतीपेक्षा जास्त आवडली.

सरावात रेसरभाऊला नवाच पेच पडला. समोर काहीच नव्हतं. ट्रॉली नाही, एसटी नाही, उलट्या बाजूने येणारा दूधवाला नाही. ब्रेक कुठे दाबायचा हे आजवर पुढच्या उसाच्या ट्रॉलीने ठरवलं होतं. इथे ते स्वतः ठरवायचं. वळणाआधी अंतराच्या पाट्या असतात, त्या वाचेपर्यंत वळण येऊन जायचं. तिसऱ्या फेरीत पुढचं चाक निसटलं. गाडी एकीकडे, हा दुसरीकडे, क्लचची दांडी तिसरीकडे. कुठे खरचटलं नाही. सूटने कांद्याचे उपकार फेडले. शनिवारी पात्रता फेरीत तो शेवटच्या रांगेत बसला. मिस्त्रीने घरी फोन केला, "रांगेत जागा मिळाली." वडिलांना बरं वाटलं.

रविवारी शर्यत. सकाळी इंग्रजीतून सूचना झाल्या, तेव्हा याने ठिकठिकाणी मान हलवली होती. सुरुवातीला लाल दिवे लागतात आणि विझले की सुटायचं, हिरवा लागतच नाही. दिवे विझले. सगळी पलटण धुरळा न उडवता गेली. आमचा माणूस हिरव्याची वाट बघत उभा. आयुष्यात एवढ्या शिस्तीने सिग्नल पाळलेला पाटसचा माणूस मला दुसरा माहीत नाही. मार्शल हात हलवू लागला, तेव्हा कुठे हा सुटला.

चार फेऱ्यांनंतर त्याला निळा झेंडा दिसला. मागून जोरात येणाऱ्याला वाट दे, असा त्याचा अर्थ. पुढच्या वळणावर पुन्हा निळा. मग पुन्हा. तो शेवटून दुसरा आला. ज्याला मागे टाकलं तो गवतात बसून मनगटाला पट्टी बांधून घेत होता.

मामाने फोनवर एकच विचारलं, "पुढं घोडी होती का?" शर्यतीच्या घाटात बैलगाड्याच्या पुढे घोडी पळते, तिच्या मागे बैल धावतात. नव्हती म्हटल्यावर मामा म्हणाला, "मग कसं पळणार!" भाच्याला इतकं मनापासून कुणीच समजून घेतलं नव्हतं.

गावात परतल्यावर चहाच्या टपरीवर तो बोलला तास-दीड तास. टायरचं तापमान, समुद्राकडचा वारा, गिअरिंग. हरण्याचं कारण जितकं तांत्रिक, तितका माणूस मोठा, हे या जातीचं वैशिष्ट्य. पैलवान हरला की पंचाला शिव्या देतो, रेसर हवेचा दाब सांगतो. निळ्या झेंड्याविषयी कुणी विचारलं तर म्हणाला, "सगळ्यांना नाय दाखवत." यात खोटं काही नव्हतं.

पण तेव्हापासून हायवेवर त्याचा वेग उतरला तो उतरलाच. लोक म्हणाले, पोरगं भ्यालं. मला वाटतं, त्याला पहिल्यांदाच कळलं की खरा वेग म्हणजे किती, आणि तो ट्रॉलीच्या मागे मावत नाही.

आता रविवारी तो पोरांना शिकवतो. पहिला धडा पडण्याचा: गाडी सोडून द्यायची, हात छातीशी घ्यायचे, घसरणं थांबेपर्यंत उठायचं नाही. रानात पाचटाचा ढीग केलाय, पोरं हेल्मेट घालून ओळीने त्यावर पडतात. परवा एका पोराची आई बांधावर येऊन उभी राहिली. "किती पैसे घेतो रं ह्याचं?"

"काय नाय मावशी, फुकट."

"फुकट आसंल तर ठीक. आमचं न शिकताच पडतंय."