काडतुसाचे धर्मसंकट

अमेरिकेतल्या शिकाऱ्यापुढे केवढे धर्मसंकट! शेतातल्या उपद्रवी प्राण्यांसाठी .२२ हॉर्नेट बरे, .२२३ रेमिंग्टन, की २००२ साली आलेले .१७ एचएमआर? वेग, वारा, अंतर यांवर रात्र रात्र खल चालतो.

पारशिवनीच्या शेतकऱ्याला असला ताप नाही. पेंचच्या जंगलातून रानडुकरांचा कळप धानात उतरला, तर काडतुसाचा प्रश्न सरकारने आधीच निकाली काढलेला आहे. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ला पीकरक्षणासाठी आठवते ती ठासणीची बंदूक. काडतूसच नको! तिचा परवाना वेगळा. बार ठासून झाला तरी चाप ओढण्यापूर्वी १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली वनखात्याची परवानगी हवी. तोवर डुकराने बांधावर थांबावे, एवढीच अपेक्षा.

दरम्यान घरचा दारूगोळा आहेच: कुंपणाला जुन्या रंगीत साड्या, झटका मशीन, पत्र्याचा डबा, सुतळी बॉम्ब. आणि रात्रभर जागल. नेम धरायचाच तर नुकसानभरपाईच्या अर्जावर धरावा. तिथे एक कागद हुकला, की डुक्कर सुटते आणि शेतकरी टिपला जातो.