भाडेकरूचा दर्शनी भाग

गिरगावातील एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, पागडीने घेतलेल्या आमच्या कचेरीत दारातून शिरल्यावर लाभणारी सहा फूट रुंद व सात फूट लांब जागा अशिलांच्या मनात विश्वास उत्पन्न करील अशा रीतीने सजवावी, असा ठराव आम्हां भागीदारांनी एकमताने संमत केला. आणि एकमताचा तो अखेरचाच प्रसंग ठरला. वडील भागीदारांना तेथे विटांच्या चौथऱ्यावर संगमरवरी गणपती हवा होता, धाकट्यांना सोफा, आणि सजावटीसाठी नेमलेल्या तरुणास, त्याच्याच शब्दांत, ‘मोकळेपणाचा अनुभव’. बेचाळीस चौरस फुटांत हा अनुभव यावा म्हणून त्याने बारा मिलिमीटर जाडीच्या काचेचे दार सुचविले. ते आत उघडले की सोफ्यावरील अशिलास गुडघे पोटाशी घ्यावे लागणार, ही अडचण त्याने आराखड्यात सोफ्यावर कोणालाच न बसविता मोठ्या खुबीने टाळली होती.

काचेच्या दाराची फ्लोअर स्प्रिंग बसवायची तर लादी फोडावी लागते, ही वार्ता सुताराकरवी घरमालकांपर्यंत पोचली आणि त्यांची नोटीस आली. तेव्हा आम्ही १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम उघडला. सजावटशास्त्रावर इतका रसिक ग्रंथ दुसरा नसावा! मालकाच्या लेखी संमतीवाचून केलेले कायम स्वरूपाचे बांधकाम हे कुळास निष्कासित करण्याचे कारण होय, असे कलम १६ दरडावते खरे. परंतु त्याचेच स्पष्टीकरण, जरूर तेथे महापालिकेची परवानगी घेऊन केलेले लाकडी पार्टिशन, दार, जाळीकाम, फॉल्स सीलिंग, एवढेच काय, स्वयंपाकाचा ओटादेखील, कायम बांधकामातून वगळते. विघ्नहर्त्याचा चौथरा मात्र त्या यादीत नाही.

मग सगळी तजवीज कायद्यानेच केली. सुताराने लाकडी जाळीचे सरकते दार केले, गणपतीस प्लायवूडचा देव्हारा मिळाला, सोफ्याऐवजी दोन खुर्च्या आल्या आणि सजावटकाराने मोकळेपणाच्या अनुभवासह रजा घेतली. घरमालक पाहणीस आले, बोट ठेवण्याजोगे काही न आढळल्यामुळे गणपतीस नमस्कार करून गेले.

भाडेकरू वाचकांस विनंती एवढीच की, सजावटकारास पाचारण करण्यापूर्वी कलम १६ स्पष्टीकरणासह वाचावे, आणि दार किती उघडते ते स्वतः फीत धरून मोजावे.