गच्चीवरची सोय

मी पुरोगामी माणूस आहे. हे मी स्वतःच सगळ्यांना सांगत असतो, म्हणून तर लोकांना कळतं. तेव्हा सुनेच्या डोहाळेजेवणाच्या यादीत झोपाळा, धनुष्यबाण, चंद्रकोर, फुलांचे दागिने एवढं लिहून झाल्यावर मी सहज म्हणालो, "आणि गच्चीवर पुरुषमंडळींची थोडी सोय."

बायकोने पेन खाली ठेवलं. "कसली सोय?"

कसली, हे तिला पक्कं माहीत होतं. मुलाने मोबाइलमध्ये डोकं घातलं. कल्पना खरं तर त्याच्या मित्रांची, पण श्रेय मी आधीच घेऊन बसलो होतो.

माझं म्हणणं साधं होतं. पूर्वी हा बायकांचा कार्यक्रम. पुरुषांचं काम टेम्पोतून खुर्च्या उतरवून घेण्यापुरतं. हल्ली त्यांनाही बोलावतात, फोटोला उभं करतात आणि पेढा-बर्फीच्या वाट्या उघडून झाल्या की बिचाऱ्यांना करायला काही उरत नाही. शिवाय बिअर म्हणजे आमच्या गावचा माल! पैठणी, हिमरू, नान खलिया यांचं कौतुक करायचं आणि वाळूज-चिकलठाण्याच्या बिअर कारखान्यांनी काय पाप केलंय? या बिअरने तर कोर्ट पाहिलंय. 2016च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी चाललं होतं, तेव्हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांचं पाणी आधी 50 टक्के, मग 60 टक्के तोडलं. आमच्या कॉलनीत त्या दिवसांत एका बाटलीला किती लिटर पाणी लागतं, यावर कट्ट्यावर भांडणं होत. एक निवृत्त अभियंते बाटली धुण्याचं पाणीही हिशेबात धरत. ते धरावं की नाही, यावर पुन्हा भांडण. आणि ते मिटवायला शेवटी कुणाच्या तरी गच्चीवर बसावं लागे. आजही बघा, जायकवाडी धरणाचं पाणी कारखान्यातून फिरून, बाटलीत बसून माझ्या फ्रिजपर्यंत नेमाने येतं. नळातून यायचं म्हटलं की त्याला बरेच दिवस लागतात.

हे सगळं बायकोने शांतपणे ऐकलं. "म्हणजे त्या दिवशी टँकर सांगावा लागेल," ती म्हणाली आणि तेवढं लिहून घेतलं.

मी माघार घेतली नाही. सरकारचा एक दिवसाचा पिण्याचा परवाना पाच रुपयांत मिळतो, हेही सांगितलं. व्याह्यांना फोन लावला. "आमचं काही नाही हो," असं म्हणून त्यांनी चकणा काय आहे ते विचारलं.

तेवढ्यात सून भिंतीला धरत बाहेर आली. पाय सुजलेले. सोफ्यावर टेकून म्हणाली, "बाबा, ठेवा की सोय. फक्त एक सांगा. मी चहा कमी केला, स्कूटी सोडली, पालथं झोपणं सोडलं. यांनी काय सोडलं?"

मुलाचं डोकं मोबाइलमध्ये आणखी खोल गेलं.

खरं सांगतो, मला एकदम राग आला. मुलाचा कमी, माझाच जास्त. गरोदरपणात दारूचा एक थेंबही सुरक्षित मानत नाहीत. तिने महिनोन् महिने सगळं सांभाळायचं आणि त्याचा आनंद म्हणून आम्ही वर बाटल्या उघडायच्या! बरं, जिचे डोहाळे पुरवायचे, तिने सांगितलेला एकही पदार्थ त्या लांबलचक यादीत नव्हता. सगळं दोन विहिणींनी परस्पर ठरवलेलं. नारळीभात होता, आणि तो तिला पहिल्यापासून आवडत नाही.

"तुला काय खावंसं वाटतंय गं?" मी विचारलं. आवाज जरा जडच झाला होता.

"नान खलिया," ती म्हणाली. "झणझणीत. वर तर्री."

"डोहाळेजेवणाला मटण?" मी ताडकन उठलो. "ओटी भरायच्या दिवशी? अगं, लोक काय म्हणतील!"

कुणी काही बोललं नाही. बायकोने पेन उचललं.

"लिहिते," ती म्हणाली. "नान खलिया, बायकांसाठी, गच्चीवर. पुरुषमंडळी खाली बसतील. त्यांना कोकम सरबत."