किल्लीवर भार नको

जनरल मोटर्सने २०१४ साली अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांना सल्ला दिला: दुरुस्ती होईपर्यंत गाडीच्या किल्लीत दुसरं काही अडकवू नका. म्हणजे घराची किल्ली नको आणि न्यू जर्सीतल्या जोशीकाकूंचा कीचेनवाला गणपतीही नको. जुडग्याच्या वजनाने म्हणे इग्निशन स्विच फिरतो, धावती गाडी बंद पडते आणि ऐनवेळी एअरबॅग उघडत नाही. विश्वासाचं वजन चालेल का, ते पत्रकात नव्हतं.

सदोष भाग २००६ मध्येच गुपचूप बदलला होता, क्रमांक मात्र जुनाच ठेवून. कंपनीनेच नेमलेल्या वकिलाच्या अहवालात ‘जीएम होकार’ सापडतो: बैठकीत नंदीबैलासारख्या माना डोलवायच्या आणि बाहेर पडून काहीच करायचं नाही. ‘जीएम सलाम’ त्याहून सरस. हातांची घडी, बोटं दुसऱ्यांकडे. (आपल्याकडच्या कचेऱ्यांनी हे बिनपगारी शिकवलं असतं.)

कंपनीच्या भरपाई निधीने पुढे या दोषामुळे झालेले १२४ मृत्यू मान्य केले. सदोष गाडीवाल्यांना कंपनीने ५०० डॉलरची सूटही देऊ केली, याच कंपनीची नवी गाडी घेण्यासाठी! त्या वर्षी तिची अमेरिकेतली विक्री सुमारे ५ टक्क्यांनी वाढली.