शिराझ की कॅबरने?

"रविवारी पाहुणे येऊन राहिले म्हणे तुमच्याकडे? अन् सावजी मटणाबरोबर कॅबरने उघडणार?"

शेजारच्या काकूंना हे कसं कळतं, ते विचारण्यात अर्थ नाही. रामदासपेठेत जुने बंगले पाडून फ्लॅट स्कीमा झाल्या, उरलेल्यांचे दवाखाने झाले, पण आमच्या दोन घरांमधली कंपाउंडची भिंत अजून छातीएवढीच आहे. त्यात काकूंचा जावई नाशिकला वायनरीत. त्यामुळे या विषयात त्यांच्यापुढे पेठेतल्या कुणाचं चालत नाही, सर्जन लोकांचंही नाही.

"भारीतली असते म्हणून घेतली, काकू."

"भारी आहे नं, कोण नाही म्हणते? 1976 साली पॅरिसात बाटल्यांची नावं झाकून चाखायला दिल्या, तं फ्रेंच परीक्षकांनीच कॅलिफोर्नियाच्या कॅबरनेला फ्रान्सच्या वरचा नंबर दिला. पण पॅरिसात कोणी सावजी वाढली होती का?"

मग त्यांनी भिंतीवर कोपर टेकवलं. म्हणजे आता अर्धा तास गेला.

कॅबरने सोव्हिन्योंचा दाणा बारका, साल जाड आणि गराच्या मानाने बी मोठी. लाल वाईन सालीबियांसकट आंबवतात, म्हणून त्यांच्यातला सगळा तुरटपणा वाईनमध्ये उतरतो. तेच टॅनिन. ते लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं आणि हिरड्या कोरड्या पडतात. समोर चरबीचं मटण, चॉप्स, जुनं चीज असलं की टॅनिन त्याला जाऊन चिकटतं आणि तोंड मोकळं होतं. म्हणून भाजलेल्या मांसाबरोबर कॅबरनेचं नाव एवढं.

"पण सावजीत मटण बोलते का आधी? आधी मिरची बोलते, मग काळा मसाला. वरून तुरट, वरून तेरा-चौदा टक्के अल्कोहोल. आग होते रे, बाप्पा! पाहुणे पाणीच पीत बसतील."

"मग शिराझ?"

"शिराझ जरा समजूतदार आहे." इथे काकूंचा आवाज उतरला, जणू पलीकडच्या गल्लीतली कॅबरने ऐकत असावी. "तोंडात पहिले जांभूळ येते, मग काळी मिरी. टॅनिन तिच्यातही आहे, पण चावत नाही. कॅबरनेत फळ आत लपलेलं असते. पुस्तकात ब्लॅककरंट लिहितात. आपण कुठे पाहिलं ते? करवंद समज. अन् टोक केलेल्या पेन्सिलीचा वास."

हे पेन्सिलीचं मला पटलं. मिरीचंही निव्वळ कवित्व नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 मध्ये दाखवून दिलं की शिराझमधला तो वास रोटंडोन नावाच्या रेणूचा आहे आणि खऱ्या काळ्या मिरीतही तोच असतो. गंमत अशी की, साधारण पाचातल्या एकाला तो येतच नाही.

"आमच्या यांना नाही येत. ग्लास नाकाशी धरून म्हणतात, कुठे आहे मिरी? जावई बिचारा दर दिवाळीला नवी बाटली आणते!"

घराण्यांचा विषय निघणार हे ठरलेलंच होतं. कॅबरने सोव्हिन्यों एवढी काळीसावळी, पण 1990 च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस विद्यापीठात डीएनए तपासला तर एका बाजूला काळी कॅबरने फ्रां आणि दुसऱ्या बाजूला चक्क पांढरी सोव्हिन्यों ब्लां निघाली. शिराझबद्दल लोक खुशाल सांगायचे की ती इराणातून आली. तिचेही आईबाप फ्रान्सचेच निघाले, दुरेझा आणि मोंदूझ ब्लांश. दोन्ही आडगावच्या, कोणी नाव न ऐकलेल्या जाती.

"अन् ऐक. ही बोर्दोची खानदानी मंडळी! जुन्या काळी त्यांची वाईन पातळ पडली की ऱ्होन खोऱ्यातली शिराझ आणून मिसळायचे. एर्मिताजची. वर नाव बोर्दोचंच!"

हे खरं आहे. एकोणिसाव्या शतकापर्यंत हा उद्योग चालायचा आणि खरेदीदारांनाही ठाऊक असायचा. कारण साधं आहे. कॅबरने सुरुवातीला जोरात येते, शेवटही लांबवते, मधे मात्र पोकळ वाटते, आणि शिराझ नेमकी तिथे भरते. ऑस्ट्रेलियावाल्यांनी पुढे हीच मिसळ उजळ माथ्याने लेबलावर छापली. आपल्याकडे बंगळुरूजवळच्या नंदी हिल्सची ग्रोव्हरची 'ला रिझर्व्ह' हीच जोडी, आणि सुलाचीही शिराझ-कॅबरने आहे.

माझं मत विचाराल तर नाशिकच्या मातीत शिराझ जास्त खुलते. फ्रान्समध्ये वेल थंडीत झोपते. आपल्याकडे ती झोपतच नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटावी लागते. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी. द्राक्षं उतरतात जानेवारी ते मार्च. शिराझ आधी तयार होते. कॅबरनेला वेळ लागतो आणि नेमकं तेव्हाच ऊन चढायला लागतं. घाईने तोडली तर हिरव्या ढोबळ्या मिरचीचा वास राहतो, थांबलं तर साखर धावत सुटते आणि आंबटपणा पडतो. चांगली नाशिककर कॅबरने होते, पण बागवाल्याचा जीव टांगणीला लागतो. दिंडोरीकडच्या शिराझला मी डोळे मिटून हो म्हणेन.

"डोळे मिट, पण बाटली गरम नको वाढू," काकू म्हणाल्या. "लाल वाईन रूम टेम्परेचरला प्यायची म्हणे! कोणाची रूम? त्यांची खोली सोळा-अठरा डिग्री. आपल्या इथे मे महिन्यात कूलर लावून तीस. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेव, मग वाढ. गरम शिराझ म्हणजे खोकल्याचं औषध."

"मग ठरलं काय, काकू? कॅबरने परत करू?"

"परत कायले? पाटवडी कर सुकी, तिखट बेताचं, तिच्याबरोबर शिराझ. कॅबरनेसोबत चॉप्स भाज. अन् सावजीबरोबर थंड पाणी दे. सावजीशी कोणाचंच जमत नाही, तिला एकटीलाच राहू दे." मग जरा थांबून, "पाहुणे कुठचे?"

"वर्ध्याचे."

"अरे देवा! मग उरली तं सोबत बांधून नको देऊ. 1974 पासून दारूबंदी आहे तिथे. वर्धा रोडवर उतरवतील गाडीतून, अन् नाव तुझं येईल."

मी आत वळणार तोच भिंतीवरून पुन्हा हाक आली.

"अन् अकलूजची सांजोव्हेसे घेतली का? फ्रातेलीची? नाही? मग ते इटलीचं द्राक्ष सोलापूर जिल्ह्यात कसं पोचलं, तेही माहीत नसेल तुले. थांब, गॅस बंद करून येते."